मर्ल ओबेरॉन : जन्म मुंबईत, सांगितला टास्मानियात

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही किंवा जे इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'तर' जरा कमी केलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

२०२३ चं ऑस्कर आठवतंय ना? मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, तेव्हा हॉलिवूडच्या एका नामांकित मासिकानं त्यांचं वर्णन 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असं केलं होतं. मी तिथेच अडकले. 'म्हणवणारी' कशाला? सरळ 'पहिली आशियाई' का नाही? सोशल मीडियावर लोकांनी या शब्दाची यथेच्छ खिल्ली उडवली, पण तो शब्द अगदी नेमका होता. कारण सत्त्याऐंशी वर्षं आधी याच विभागात एका अभिनेत्रीला नामांकन मिळालं होतं आणि तिचा जन्म चक्क आपल्या मुंबईतला होता. फक्त तिनं ते आयुष्यभर कुणालाही कळू दिलं नाही. तिचं नाव मर्ल ओबेरॉन.

जन्म १९ फेब्रुवारी १९११, नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. वडील रेल्वेत काम करणारे इंग्रज. ती ज्यांना आई म्हणत वाढली त्या शार्लट सेल्बी, मूळच्या सिलोनच्या म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, सावळ्या वर्णाच्या. घरी मर्लला 'क्वीनी' म्हणायचे. त्याच वर्षाच्या शेवटी पंचम जॉर्ज आणि क्वीन मेरी अपोलो बंदरावर उतरले होते आणि त्यावरून हे लाडाचं नाव पडलं, असं सांगतात. गेटवे ऑफ इंडियाही त्याच भेटीची आठवण. म्हणजे पुढच्या वेळी तिथे सेल्फी काढाल तेव्हा क्वीनी आठवायला हरकत नाही.

वडील पहिल्या महायुद्धात गेले. मग १९१७ च्या सुमारास मायलेकी कलकत्त्याला गेल्या. तिथल्या ला मार्टिनियर शाळेत मर्लला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण मिश्र वंशावरून मुली इतकं चिडवायच्या की तिनं शाळा सोडली. अँग्लो-इंडियन माणसाची ही जुनीच कोंडी. साहेबांच्या क्लबात तो 'नेटिव' आणि नेटिवांच्या वस्तीत साहेब. क्वीनी कलकत्त्याच्या हौशी नाटक मंडळीत काम करायला लागली, सिनेमे बघायला लागली आणि विशीच्या आत शार्लटला घेऊन युरोपला गेली.

लंडनमध्ये किरकोळ भूमिका करत असताना तिच्यावर अलेक्झांडर कोर्डाची नजर पडली. हा मूळचा हंगेरीचा, ब्रिटिश सिनेमातला बडा निर्माता-दिग्दर्शक. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' मध्ये त्यानं तिला अ‍ॅन बोलिनची छोटीशी भूमिका दिली आणि लोकांनी ती लक्षात ठेवली. नवं नाव मिळालं, मर्ल ओबेरॉन. आणि नव्या नावासोबत नवं जन्मगावही मिळालं : ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं टास्मानिया बेट.

टास्मानियाच का? कारण ते लंडनपासून आणि हॉलिवूडपासूनही भयंकर लांब होतं, तपासायला जाणार कोण? शिवाय ब्रिटिश वसाहत, म्हणजे ऐकणारा आपोआप गोरी समजणार. पीआरवाल्यांची आयडिया म्हणून फारच हुशार, हे मान्य करायलाच लागेल.

आता इथे बरेच जण म्हणतील, 'लाज वाटायची तिला आपल्या मुळाची.' मला हे इतकं सोपं वाटत नाही. तेव्हाचा कायदा बघा. १९१७ च्या अमेरिकन कायद्यानं हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार जवळजवळ बंद केलं होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. हे बदललं १९४६ मध्ये. त्यातून १९३४ पासून सिनेमांवर कडक आचारसंहिता आली आणि तिच्यात वेगळ्या वंशांचे प्रेमसंबंध दाखवण्यावर बंधन होतं. म्हणजे नायक गोरा असेल, आणि तो असायचाच, तर नायिकाही गोरीच हवी. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची, अमेरिकेतच जन्मलेली मोठी अभिनेत्री. 'द गुड अर्थ' या चिनी शेतकऱ्यांवरच्या सिनेमातली मुख्य भूमिका तिला मिळाली नाही, लुईस रेनर या गोऱ्या अभिनेत्रीला मिळाली, आणि रेनरनं त्यावर ऑस्करही घेतलं! अ‍ॅना मे वाँगचं काय झालं हे सगळं हॉलिवूड बघत होतं. मर्लही बघतच असणार.

१९३५ च्या 'द डार्क एंजल' साठी तिला ते नामांकन मिळालं. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. मग १९३९ मध्ये आला तिचा सगळ्यात गाजलेला सिनेमा, 'वदरिंग हाइट्स'. समोर लॉरेन्स ऑलिव्हिए, दिग्दर्शक विल्यम वायलर. यातली गंमत ऐका. मूळ कादंबरीत हीथक्लिफ हा नायक काळसर, कुठून आला ते कुणालाच माहीत नसलेला. हा लास्कराचा पोर असेल, असा तर्कही त्यात एक जण करतो. लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. पडद्यावर तो परका सावळा नायक झाला गोरा ऑलिव्हिए, आणि उच्चकुलीन गोरी कॅथी झाली मुंबईची क्वीनी. ऑलिव्हिएला कॅथीच्या भूमिकेत खरं तर आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती. ती जन्मली दार्जिलिंगला! पण तिनं ते कधी लपवलं नाही. तिला गरजच नव्हती, तिचं गोरेपण वादात नव्हतं.

घरात काय चाललं होतं? शार्लट तिच्याबरोबरच राहायच्या, पण पाहुणे आले की त्या मोलकरीण म्हणून वावरायच्या, असं तिच्याबद्दल अनेकांनी लिहून ठेवलंय. त्या १९३७ मध्ये वारल्या. नंतर मर्लनं एका जुन्या फोटोवरून त्यांचं तैलचित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला सांगितलं, वर्ण उजळ करा. ते चित्र शेवटपर्यंत तिच्या घरात होतं. मी हे वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. जिला लपवलं तिचंच चित्र भिंतीवर, पण तेही लपवूनच.

त्याच वर्षी लंडनमध्ये मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि 'आय, क्लॉडियस' हा सिनेमा अर्ध्यावर बंद पडला. पुढे सौंदर्यप्रसाधनांमुळे आणि औषधांच्या रिअ‍ॅक्शनमुळे त्वचा बिघडली, उपचार झाले तरी खड्डे राहिले. क्लोजअपवर जगणारी नटी आणि चेहऱ्यावर खड्डे. इथे येतो कॅमेरामन लुसियन बॅलार्ड, जो १९४५ मध्ये तिचा नवराही झाला. 'द लॉजर' या १९४४ च्या सिनेमासाठी त्यानं कॅमेऱ्याच्या लेन्सला अगदी चिकटून एक छोटा दिवा बसवला.

हे कसं चालतं ते आत्ता करून बघा. खोलीत अंधार करा आणि फोनची टॉर्च भिंतीवर अगदी बाजूनं मारा. भिंतीचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा दिसेल, कारण प्रत्येकाची सावली पडतेय. आता तीच टॉर्च डोळ्याजवळ धरून समोरून मारा. भिंत गुळगुळीत! सावल्या असतात, पण त्या उंचवट्याच्या मागे लपतात आणि जिथून प्रकाश येतोय तिथूनच बघणाऱ्याला दिसत नाहीत. बॅलार्डनं हेच केलं. या दिव्याला तिच्या नावावरून 'ओबी' म्हणतात आणि सिनेमाच्या सेटवर हे नाव आजही चालतं. तुम्ही रील करताना फोनभोवती जो रिंग लाइट लावता, त्यामागचं तत्त्वही हेच.

१९७८ मध्ये टास्मानियानं आपल्या 'लेकीला' होबार्टला बोलावलं. महापौरांकडून सत्कार होता. तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात तिनं सांगून टाकलं, की माझा जन्म इथला नाही. मग तब्येतीचं कारण देऊन ती निघून गेली. खरं काय ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, कॅलिफोर्नियात मालिबूला ती गेली.

खरं बाहेर आलं तिच्या मृत्यूनंतर, १९८३ च्या चरित्रात. आणि त्याच्याही पुढचा धक्का मुंबईतल्या जन्मनोंदीत होता. कॉन्स्टन्स ही शार्लट यांची मुलगी, मर्लची मोठी बहीण मानली जायची. तिचा मुलगा हॅरी सेल्बी पुढे कॅनडात राहायचा. त्यानं मर्लचा जन्मदाखला शोधून काढला. त्यात आईच्या जागी शार्लटचं नावच नव्हतं, कॉन्स्टन्सचं होतं. मर्ल जन्मली तेव्हा कॉन्स्टन्स स्वतः शाळकरी वयाची पोर होती. म्हणजे शार्लट आई नव्हे, आजी. हॅरी भाचा नव्हे, भाऊ. लॉस एंजेलिसला तो एकदा तिला भेटायला गेला होता, पण तिनं भेट नाकारली होती. २००२ च्या 'द ट्रबल विथ मर्ल' या ऑस्ट्रेलियन माहितीपटात हा सगळा शोध आहे, आणि टास्मानियातली माणसंही आहेत, जी पुरावे समोर असूनही 'ती आमचीच' म्हणतात.

मर्लला स्वतःला हे माहीत होतं का? शार्लट यांनी तिला आईच म्हणून वाढवलं. ती जगापासून एक गोष्ट लपवत होती आणि घरच्यांनी तिच्यापासून दुसरी लपवली होती, अशीही शक्यता आहे.

सुरुवात करायची असेल तर 'वदरिंग हाइट्स' बघा, कृष्णधवल आहे म्हणून कंटाळू नका. तुम्हाला काय वाटलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात.