मावशींची पावती

गेल्या पावसाळ्यात आमच्या सौ. अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सहाव्या दिवशी घरी आणले. त्यांना पुन्हा उभे केले ते दोघांनी. एक, दिवसाआड येणारा तरुण फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्या, आमच्या गल्लीतल्या मालीशवाल्या मावशी. डॉक्टरांना विचारून, शस्त्रक्रियेची बाजू सोडून, त्या रोज सकाळी कोमट तिळाच्या तेलाने पाठ-कंबर चोळून देत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

बँकेत हयात व्हाउचरे तपासण्यात गेलेली. त्यामुळे मावशींच्या ३६ दिवसांच्या ७,२०० रुपयांची पावती मीच लिहिली, रेव्हेन्यू स्टँप चिकटवला, वर त्यांचा अंगठा घेतला. मनात म्हटले, कागद चोख आहे!

विमा कंपनीने फिजिओथेरपीचे पैसे दिले. मावशींची पावती परत आली.

मग कुठे कपाटातली पॉलिसीची पुस्तिका काढून वाचली. आपल्याकडे १९८६ साली मेडिक्लेम आला तो मुळात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. घरी परतल्यावरचा खर्चही मिळतो, पण ठरावीक दिवसांपुरता. २०२० पासूनच्या ‘आरोग्य संजीवनी’त तो ६० दिवस आहे. तो खर्च त्याच आजाराचा हवा, डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा आणि बिल देणारा त्या कामाचे शिक्षण घेतलेला हवा. फिजिओथेरपिस्टच्या बिलामागे शल्यचिकित्सकांची चिठ्ठी होती. मावशींच्या मागे फक्त आमची कृतज्ञता.

गंमत अशी की, मालीश विम्याला वर्ज्य नाही. आयुर्वेद रुग्णालयात रीतसर दाखल होऊन वैद्यांच्या सल्ल्याने पंचकर्म घेतले, तर त्यातला अभ्यंग बिलात बसतो. १ एप्रिल २०२४ पासून तर आयुर्वेदादी उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवा, असे नियामकांनी कंपन्यांना बजावले आहे. मात्र स्पा, निसर्गोपचार केंद्र, नुसती विश्रांती हे बाहेर. आणि दावा अन्यायाने नाकारला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. वकील लागत नाही, फी नाही. माझ्या बाबतीत अन्याय नव्हताच. पुस्तिका न वाचण्याचा दोष माझा. कर्जदारांना मात्र मी जन्मभर ‘सही करण्यापूर्वी वाचा’ म्हणत आलो!

फिजिओथेरपिस्ट मुलगा भला. म्हणाला, “काका, अजून चार दिवसांचं बिल द्यायचंय. मावशींचे पैसे त्यातच वाढवून लिहू का?”

खरे सांगतो, क्षणभर मी गप्प बसलो. खोटे बिल उघडकीस आले तर सगळाच दावा बुडतो, हे मला ठाऊक होते. तरीही गप्प बसलो. आतून सौं.चा आवाज आला, “म्हणजे मावशींनी केलं ते तुमच्या नावावर का?”

मुलगा ओशाळला. त्याच्यापेक्षा मी जास्त.

दुसऱ्या दिवशी मावशींना सगळे समजावून सांगितले आणि ती पावती फाडू लागलो. त्यांनी हात धरला.

“फाडू नका, साहेब. माझ्या नावाचा कागद हाय. राहू द्या माझ्यापाशी.”

घडी घालून त्यांनी ती कनवटीला खोचली आणि तेलाची वाटी गरम करायला आत गेल्या.