न झालेली साक्ष

शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' म्हणजे मत्सराची शोकांतिका, असे आपण कॉलेजपासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. पण मत्सर या नाटकात जवळजवळ सगळ्यांनाच शिवलेला आहे. कॅसिओला मिळालेली बढती ऑथेल्लोच्या हाताखालच्या इयागोला सलते, शिवाय आपल्या बायकोचे ऑथेल्लोशी काही असावे हा संशयही त्याला कुरतडत असतो. हाती आलेला अनोळखी रुमाल पाहून कॅसिओची प्रेयसी बियांका त्याच्यावर उसळते. रॉडरिगो दुसऱ्याच्या बायकोच्या आशेने जमीनजुमला विकायला निघतो. आणि मत्सरापोटी स्वतःच्या बायकोचा जीव घेतो तो मात्र संशय ज्याच्या गावीही नव्हता असा सरळ मनाचा सेनापती ऑथेल्लो. असे का व्हावे? माझ्या मते त्यासाठी पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाकडे परत जायला हवे.

मध्यरात्र आहे. तुर्की आरमार सायप्रसवर चालून येत आहे म्हणून व्हेनिसची राजसभा तातडीने भरली आहे. तेवढ्यात सभासद ब्रबान्शिओ तक्रार घेऊन येतो: या काळ्या मूराने जादूटोणा करून माझी मुलगी पळवली. फिर्यादी प्रतिष्ठित, आरोपी परका. ऑथेल्लो एकच मागणी करतो. डेस्डेमोनाला बोलवा, तिलाच विचारा. ती माझ्याविरुद्ध बोलली तर माझे पदच काय, प्राणही घ्या. ड्यूक थांबतो. डेस्डेमोना येते, भर सभेत बापासमोर आपली निवड सांगते आणि आरोप तिथेच कोसळतो. युद्धासाठी व्हेनिसला ऑथेल्लोची गरज होती, हेही खरे. तरीही बाईची साक्ष घेतली गेली आणि ती मानली गेली. ज्या न्यायाने ऑथेल्लो वाचला तो न्याय पुढे तो स्वतः बायकोला देत नाही. मला या नाटकाचा कणा इथे दिसतो.

तुर्की जहाजे वादळात बुडतात आणि लढायला आलेले सैनिक बिनलढाईचे सायप्रसच्या ठाण्यात अडकून पडतात. इयागोला हवी तशी जागा मिळते. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तो आधी थेट काही बोलतच नाही. ऑथेल्लोचाच प्रश्न त्याला परत ऐकवतो, अर्ध्यावर थांबतो, काळजी दाखवतो. मग ब्रबान्शिओने जाता जाता दिलेला इशारा उकरून काढतो: बापाला फसवणारी नवऱ्यालाही फसवील. व्हेनिसच्या बायकांच्या रीतीभाती तुम्हा परक्यांना कशा कळणार, हेही तो सुचवतो. वार नेमका बसतो, कारण आपला रंग, वय आणि परकेपण ऑथेल्लोच्या मनात आधीपासूनच ठसठसत असते.

ऑथेल्लो पुरावा मागतो. तेवढा विवेक त्याच्यात शिल्लक आहे. पण सगळा पुरावा एकाच माणसाकडून येतो. कॅसिओ झोपेत काय बरळला, हे इयागोच सांगतो. डेस्डेमोनाचा रुमाल कुठे दिसला, हेही तोच सांगतो. कॅसिओ बियांकाबद्दल हसत बोलतो तेव्हा ऑथेल्लो दुरून नुसते हावभाव पाहतो आणि आपल्या मनातली गोष्ट त्यांत भरतो. कॅसिओ वेगळ्या जहाजातून आला, डेस्डेमोना इयागोबरोबर आली, आणि उतरल्यापासून खुनापर्यंत जेमतेम दीड दिवस जातो. व्यभिचाराला वेळ होता कुठे? हा साधा हिशेबही तो करत नाही. इयागोची बायको एमिलिया हिला विचारतो खरा. ती डेस्डेमोनासाठी स्वतःचा आत्मा पणाला लावते, तर तिला कुंटीण ठरवून मोकळा होतो. शेवटच्या रात्री डेस्डेमोना विनवते की कॅसिओला बोलवा, त्याला विचारा. राजसभेपुढे ऑथेल्लोने केलेली मागणी आता ती करते आहे.

मूळ कथा इटालियन लेखक चिंतिओची, १५६५ मध्ये छापलेली. तिथल्या खलपुरुषाला नायिकेचाच मोह आहे. त्याच्या बायकोला सारा बेत ठाऊक असतो, पण नवऱ्याच्या भीतीने ती गप्प राहते आणि तो मेल्यावर सगळे सांगते. शेक्सपिअरने ही बाई बदलली, आणि मला त्याची सर्वांत मोठी करामत हीच वाटते. त्याच्या एमिलियाला कट माहीत नाही. रुमाल उचलून नवऱ्याला देण्याची आणि नंतर त्याबद्दल गप्प राहण्याची चूक तिच्या हातून होते. पण सत्य उमगताच ती नवऱ्याच्या उपसलेल्या तलवारीपुढे बोलत राहते आणि त्यापायी मरते. साऱ्यांना शब्दांनी खेळवणारा इयागो त्यानंतर तोंड मिटून घेतो.

रंगभूमीने एमिलियावर अन्यायच केला. १६२२ च्या छापील प्रतीत डेस्डेमोनाचे विलोचे गाणे नाही आणि नवऱ्यांइतक्याच बायकांनाही भावना असतात हे एमिलियाचे भाषणही नाही. दोन्ही शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये ही दोन्ही ज्यात येतात तो चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश बहुधा गाळलाच जाई. चर्चा होई ती नायकाची. ती व्हायलाही हवी: १८३३ मध्ये आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णी नटाने लंडनमध्ये ही भूमिका केली, १९४३ मध्ये पॉल रोबसनने ब्रॉडवेवर केली, आणि १९८७ मध्ये वर्णद्वेषी राजवटीतल्या जोहान्सबर्गमध्ये जॉन कानी याच भूमिकेत उभा राहिला.

मराठीत महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये 'ऑथेल्लो' आणले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचा 'झुंजारराव' केला आणि गणपतराव जोशींनी तो गाजवला. त्याच देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्येही संशय असाच एका वस्तूवर, तसबिरीवर, पोसला जातो. पण तिथे इयागो नाही; सगळी माणसे समोरासमोर येऊन बोलतात आणि घोटाळा सुटतो. मला ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. आणि यापुढे 'ऑथेल्लो' मराठीत जे कोणी उभे करतील त्यांना विनंती आहे: वेळ वाचवायला चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश कापू नका, आणि एमिलियासाठी तुमच्याकडची सर्वांत समर्थ नटी निवडा.