हौसेचे मोल

मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना दरवर्षी एका तासाला मी फळ्यावर दोन शब्द लिहितो. डावीकडे ‘हौशी’ आणि उजवीकडे ‘धंदेवाईक’. मग दोघांमधला फरक समजावून सांगतो. हौशी नट नाटकावरच्या प्रेमापोटी तोंडाला रंग लावतो. धंदेवाईक नट पोटासाठी. इतकी वर्षे हे वाक्य मी बिनदिक्कत सांगत आलो. यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, “सर, पैसे घेतले की प्रेम संपतं का?”

वर्ग हसला. मीही हसलो. तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो, असे म्हणायला हरकत नाही. कारण उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. पण घरी येऊन चहाचा कप हातात घेतला आणि एका माणसाची आठवण झाली. नाटकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो बर्फावर घसरत असे! त्याचे नाव झेनो कोलो. या ‘हौशी’ शब्दाने त्या बिचाऱ्याचे काय केले, ते एकदा ऐकाच.

इटलीच्या टस्कनी प्रांतात, दान्तेच्या फ्लॉरेन्सपासून फार दूर नाही अशा डोंगरात, अबेटोने नावाचे एक खिंडीतले गाव आहे. अबेटोने म्हणजे भले मोठे फरचे झाड. अठराव्या शतकात खिंडीतून रस्ता काढताना असा एक प्रचंड वृक्ष तोडावा लागला, आणि तो गेला तरी गावाला नाव देऊन गेला, असे सांगतात. हे गाव आल्प्समध्ये नाही, अपेनाइन्स पर्वतात आहे, हे ध्यानात ठेवा. बर्फावरच्या शर्यती म्हणजे आल्प्सच्या लेकरांची मिरासदारी, अपेनाइन्सच्या पोरांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, असाच तेव्हाचा समज. त्या गावात ३० जून १९२० रोजी झेनोचा जन्म झाला. जंगलतोड करणाऱ्या, कष्टकरी डोंगरी माणसांतलाच तो एक. हिवाळ्यात तिथे दाराबाहेर पाऊल टाकायचे तर पायांना लाकडी पट्ट्या बांधूनच. त्या पट्ट्या म्हणजे स्की. आपल्याकडे कोकणातले पोर जसे चालायला लागले की पाण्यात उतरते, तसे तिथले पोर बर्फावर उतरते. झेनोच्याच वयाची, त्याच गावची सेलिना सेगी हीदेखील पुढे मोठी शर्यतपटू झाली आणि एकशेदोन वर्षे जगून २०२२ मध्ये वारली. मातीचाच गुण म्हणायचा!

या खेळाचे तीन प्रकार कोलोच्या कहाणीत येतात, ते आधी सांगून टाकतो. पहिली उतारावरची सरळ धाव. इंग्रजीत तिला डाउनहिल म्हणतात. हिच्यात वेग हेच सर्वस्व. दुसरी स्लालम; बर्फात रोवलेल्या काठ्यांच्या दारांतून नागमोडी वळणे घेत खाली यायचे. तिसरी या दोहोंच्या मधली, जायंट स्लालम. पहिलीला छाती लागते, दुसरीला पायांची चपळाई आणि तिसरीला दोन्ही. एकाच माणसाने तिन्हींत नाव काढणे हे आख्खा ताल सांभाळून तिन्ही सप्तकांत फिरण्यासारखेच अवघड.

झेनो ऐन विशीत आला आणि युद्ध पेटले. १९४० आणि १९४४ ही दोन्ही वर्षे ऑलिंपिकविना गेली. खेळाडूच्या आयुष्यातली जी सोन्यासारखी वर्षे, ती त्याने सैन्यात आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये नजरकैदेत घालवली. युद्ध संपले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. हा गडी मात्र पुन्हा डोंगरावर चढला.

१९४७ मध्ये चेर्व्हिनियाच्या बर्फाळ उतारावर त्याने वेगाचा जागतिक विक्रम केला : ताशी १५९.२९२ किलोमीटर! आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. मोटारीला निदान पत्र्याचे कवच असते. कोलोच्या पायांखाली लाकडाच्या दोन पट्ट्या, पायांत कातडी बूट, आणि डोके उघडे. शिरस्त्राण नाहीच! आज विशेष पोशाख आणि शिरस्त्राणे घालून माणसे अडीचशेच्या पुढे गेली आहेत, पण कोलोचा तो विक्रम दहा वर्षांहून अधिक काळ टिकला होता.

हा वेग नुसत्या धाडसाने आला नव्हता. वारा हाच आपला खरा प्रतिस्पर्धी, हे त्याने ओळखले होते. म्हणून तो गुडघे वाकवून, अंग पुढे मुडपून, जणू स्वतःची घडी करून खाली येई. अंड्यासारख्या दिसणाऱ्या या बैठकीचा पुढे सगळ्या जगाने अभ्यास केला. कोलोने ती कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता, डोंगरावर पडत-उठत शोधली होती.

१९४८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये पदकाने त्याला हुलकावणी दिली. पण दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन गावी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. युरोपबाहेर ती भरण्याची ही पहिलीच वेळ. तिथे कोलोने उतारावरची धाव जिंकली, जायंट स्लालम जिंकली आणि स्लालममध्ये दुसरा आला. तीन शर्यती, दोन सुवर्ण, एक रौप्य! अबेटोनेचा हा डोंगरी माणूस आल्प्सच्या राजपुत्रांना त्यांच्याच खेळात भारी पडला.

मग आले १९५२ चे ऑस्लो ऑलिंपिक. ऑस्लो शहराजवळ पुरेसा उंच उतार नाही, म्हणून ही धाव दूर नोरेफ्येल पर्वतावर झाली. १६ फेब्रुवारीचा तो दिवस. कोलो एकतिशी ओलांडलेला. या खेळात हे वय उतरणीचेच. त्याने २ मिनिटे ३०.८ सेकंदांत ती उतरण पार केली. दुसरा आलेला ऑस्ट्रियाचा ओथमार श्नायडर १.२ सेकंदांनी मागे राहिला. बर्फावरच्या या शर्यतींतले इटलीचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. उरलेल्या दोन्ही शर्यतींत तो चौथा आला. ‘ऑस्लोचा ससाणा’ असे नाव त्याला पडले, ते कायमचे.

इथवर कहाणी सुफळ संपूर्ण झाली असती. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

जगज्जेता झाला, तरी खिशात काय? पदक मोडून खाता येत नाही. नियमाप्रमाणे खेळाडू ‘हौशी’ असला पाहिजे. म्हणजे खेळातून त्याने एक छदामही मिळवता कामा नये. कोलोने आपले नाव एका बुटांच्या जोडीला आणि एका स्कीच्या जाकिटाला वापरू दिले. झाले! १९५४ मध्ये तो ‘धंदेवाईक’ ठरला आणि स्पर्धांची दारे त्याला बंद झाली. चोरी नाही, लबाडी नाही, शर्यत विकलेली नाही. डोंगरी माणसापाशी विकण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे स्वतःचे नाव. आणि तेही त्याने घाम गाळून मिळवलेले.

हा नियम आला कुठून, हे पाहिले की डोळे उघडतात. हौशीपणाचे हे खूळ मूळचे इंग्लंडातल्या खानदानी लोकांचे. तिथल्या जुन्या नौकास्पर्धांत हाताने काम करणारा कारागीर किंवा मजूर ‘हौशी’ म्हणून गणलाच जात नसे. म्हणजे बापाची इस्टेट खाऊन खेळला तो निर्मळ, आणि स्वतःच्या कष्टावर खेळला तो डागाळलेला! प्रेमाच्या नावाखाली केलेली ही वर्गवारीच होती. इंग्रजीतल्या ‘अमॅच्युअर’ शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतले ‘प्रेम करणे’ आहे, हे मी वर्गात कौतुकाने सांगतो. त्या शब्दाच्या दाराशी असा पहारा बसवलेला होता, हे मात्र सांगायचे राहून जाई.

पुढला प्रसंग तर एखाद्या नाटककाराने रचावा तसा आहे. १९५६ चे हिवाळी ऑलिंपिक खुद्द इटलीत, कोर्तिना गावी भरले. आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर धावायची संधी. पण कोलोला शर्यतीत मज्जाव. आणि तरीही, तोफाना पर्वतावरच्या दूका द’आओस्ता नावाच्या विसावाघरापासून ऑलिंपिकची ज्योत हाती घेऊन खाली कोर्तिनाकडे उतरला तो कोण? झेनो कोलोच! ज्योत वाहायला तो चालत होता, धावायला चालत नव्हता. देवाची पालखी खांद्यावर घ्यायची, पण गाभाऱ्यात पाऊल टाकायचे नाही, अशी ती गत. त्या स्पर्धांत ऑस्ट्रियाच्या टोनी सायलरने तिन्ही सुवर्णपदके जिंकली. कोलो तेव्हा पस्तिशीत होता. त्याने सायलरला हरवलेच असते, असा दावा मी करणार नाही. पण हरण्याचा हक्क तरी त्याला होता की नाही?

काळाचा विनोद पाहा. १९६० मध्ये फ्रान्सच्या झाँ व्ह्युआर्नेने अमेरिकेत स्क्वॉ व्हॅलीला हीच धाव, तसल्याच मुडपलेल्या बैठकीने जिंकली. पुढे त्याच्या नावाचे गॉगल जगभर खपले आणि त्याचे कौतुकच झाले. १९७२ मध्ये ऑस्ट्रियाचा कार्ल श्रान्त्स याच हौशीपणाच्या कायद्याखाली साप्पोरोहून परत पाठवला गेला, तेव्हा व्हिएन्नात प्रचंड जनसमुदाय त्याच्या स्वागताला लोटला. नियमाचा अंत जवळ आल्याचीच ती खूण. १९८० च्या दशकात ऑलिंपिकची दारे धंदेवाईकांनाही उघडली. कॅल्गरीत १९८८ साली इटलीच्या आल्बेर्तो तोम्बाने दोन सुवर्णपदके जिंकली तेव्हा खेळाडूच्या पैशाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नव्हते. कोलोवरचा कलंक पुसला गेला १९८९ मध्ये. तोवर तो सत्तरीला टेकला होता आणि सिगारेटच्या जुन्या सवयीने फुफ्फुसे पोखरली होती. १२ मे १९९३ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, गावाजवळच्या सान मार्चेल्लो येथे तो गेला.

मधल्या वर्षांत त्याने काय केले? तो अबेटोनेला परतला आणि मुलांना बर्फावर उभे राहायला शिकवू लागला. गावाला स्कीचे ठिकाण म्हणून नावारूपाला आणण्यात त्याचा मोठा हात होता.

कोलोची गोष्ट आठवली की मला ओघानेच आपले खाशाबा जाधव आठवतात. वर्ष तेच, १९५२. हिवाळ्यात ऑस्लोला कोलोचे सुवर्ण, आणि त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाचे कांस्य. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. तिथे जाण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला तो मरणानंतर. आपण म्हणतो, ‘हौसेला मोल नाही.’ खरे आहे. पण ते मोल कोणीतरी भरत असते. कधी घर गहाण ठेवून, कधी उमेदीची वर्षे देऊन.

पुढच्या तासाला मी फळ्यावर पुन्हा ते दोन शब्द लिहिले आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उभे केले. म्हटले, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. नाही संपत. ज्याला नियमाने धंदेवाईक ठरवून बाहेर काढलं, तो माणूस उरलेलं आयुष्य त्याच बर्फावर पोरांना शिकवत राहिला. याहून मोठी हौस मला तरी ठाऊक नाही.”

आज अबेटोनेच्या उतारांना झेनोचे नाव आहे. आकाशातल्या एका लघुग्रहालाही ते दिलेले आहे. एका बुटाच्या जोडीला दिले, तेव्हा मात्र ते फार महागात पडले होते.