पंप गेला, गारवा राहिला

गेल्या उन्हाळ्यांत आमचा मुक्काम भाच्याकडे ह्यूस्टन येथें होता. हें अमेरिकेच्या टेक्सास राज्यांतील मोठें शहर समुद्रापासून फार लांब नाहीं. त्यामुळें तेथील जुलै म्हणजे मुंबईचा मे महिनाच. घाम येतो, पण वाळत नाहीं. भाच्याच्या घरीं दोन गाड्या आहेत. त्यांतली मोठी कामाची, आणि दुसरी १९९० सालची तांबडी, दोनच माणसांची मझदा मिआटा. भाच्याचा जीव या दुसरीवर. पण आठवड्यांतून तीन दिवस ती कामावर नेते भाचेसून. या गाडीच्या सुकाणूचा पंप गळूं लागला आणि घरांत वाद उभा राहिला.

मोटारीची दुरुस्ती हा कुटुंबांत वाचावयाचा विषय कसा, असें कोणी विचारील. एक पंप काढावा कीं ठेवावा यावरून ज्या घरीं नवराबायकोंत दोन दिवस अबोला पडतो, तेथें तो विषय कुटुंबाचाच झाला, एवढेंच आमचें उत्तर.

सुकाणूचें चाक फिरविलें कीं त्याच्या दांड्याच्या टोकाचें लहान दंतचक्र फिरतें व तें एका आडव्या दांतेरी पट्टीस डावीउजवीकडे सरकवितें. या पट्टीस रॅक म्हणतात; तिचीं दोन टोकें पुढचीं चाकें वळवितात. पूर्वी हें सारें हाताच्या जोरावर चाले. फ्रान्सिस डेव्हिस नामक अमेरिकन इंजिनिअरानें १९२६ सालीं यास तेलाच्या दाबाची मदत जोडून दाखविली, आणि १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें ती सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडींत विकावयास आणिली. इंजिन एक पंप फिरवितें, पंप तेल दाबतो, आणि तें तेल रॅकवरील दट्ट्यास हव्या त्या बाजूस ढकलतें. सोय खरी, पण रस्त्याचा स्पर्श चाकांकडून हाताकडे येतांना हें तेल मध्यें उभें राहतें. मझदाच्या कारागिरांनीं तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखालीं १९८९ सालीं ही गाडी जगापुढें आणिली, ती घोडा व स्वार एकजीव व्हावे या कल्पनेनें. स्वतःच्या घोड्यावर बसणाऱ्या शिलेदारास ही कल्पना निराळी समजावून सांगावी लागली नसती. भाच्याचें म्हणणें तेंच होतें. “मामा, एवढ्या हलक्या गाडीला ही मदत हवीच कशाला? गळका पंप बदलण्यापेक्षां काढूनच टाकतों.”

भाचेसून एवढेंच म्हणाली, “काढ हवा तर. पण गार हवा गेली, तर ती गाडी तुझी एकट्याची.”

तिची शंका अस्थानीं नव्हती. या गाडीच्या इंजिनापुढें दोन पट्टे असतात. एक पाण्याचा पंप व वीज उत्पन्न करणारा ऑल्टरनेटर फिरवितो; दुसरा सुकाणूचा पंप व गार हवेचा कॉम्प्रेसर. या दुसऱ्या पट्ट्यास ताण द्यावयाचा तो पंपच बैठकीवर सरकवून. म्हणजे पंप गेला कीं पट्टा सैल, आणि पट्टा सैल कीं गारवा बंद. एकत्र कुटुंबांतील एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाईंसारखी त्या पंपाची गत. त्या जाईपर्यंत त्यांच्या आधारानें काय काय उभें होतें तें कोणास कळत नाहीं.

भाच्यानें एका रविवारीं प्रयोग म्हणून नुसता पट्टाच काढला. दुसऱ्या दिवशीं भाचेसून तशीच गाडी घेऊन गेली. रॅकमध्यें तेल होतेंच. पंप बंद, तेव्हां चाक वळवितांना तें तेल अरुंद वाटांनीं हातानेंच ढकलावें लागे. तिचें उजवें मनगट दोन वर्षांपूर्वीं मोडलेलें. संध्याकाळीं ती घामानें निथळत घरीं आली, मनगटावर बर्फ धरून बसली, आणि कोणाशीं कांहीं बोलली नाहीं. वर सांगितलेला अबोला तो हाच. आम्हांस वाटतें, प्रयोग चुकीचा नव्हता. तो कोणाच्या मनगटावर करावयाचा, हें विचारावयाचें राहून गेलें.

मग मात्र भाच्यानें काम नीट हातीं घेतलें. कॉम्प्रेसर जागचा हलवावयाचा नाहीं आणि त्याच्या नळ्यांस हात लावावयाचा नाहीं, हें त्यानें प्रथम ठरविलें. आंतला वायु दाबाखालीं असतो, व तो मोकळा सोडणें तेथें कायद्यानेंहि मना आहे. राहिला प्रश्न पट्ट्याचा. आंखूड पट्टा घेऊन तो इंजिनाच्या कप्पीवरून थेट कॉम्प्रेसरवर चढविणारे लोक आहेत. पण त्यास ताण देण्याची सोय उरत नाहीं. रहाटावरचा दोर सैल पडला कीं घसरतो, तसाच पट्टाहि घसरतो. त्यांतून कॉम्प्रेसर एकसारखा फिरत नाहीं, मधूनमधून एकदम जोडला जातो, व त्या हिसक्यास सैल पट्टा किंचाळतो. दुसरे कोणी पंपाच्या आंतील पाती काढून त्याचें रिकामें कवच नुसती कप्पी म्हणून फिरवितात. जें यंत्र तेलांत चालण्यासाठीं घडविलें, तें कोरडें किती दिवस चालावें?

खरा उपाय कारखान्यांतच झालेला होता. अमेरिकेंत ही गाडी तेलाच्या मदतीशिवायहि मिळत असे, आणि तिला गार हवेचें यंत्र वेगळ्या किंमतीस जोडून घेतां येई. अशा गाडींत पंपाच्या जागीं एक लहान बैठक असे. तिच्यावर मोकळी फिरणारी कप्पी, व पट्टा ताणावयास एक लांब बोल्ट. जुन्या मोडक्या गाड्यांच्या आवारांत तीन शनिवार हिंडून भाच्यानें ती बैठक मिळविली. कप्पीची जागा पंपाहून थोडी निराळी, म्हणून दोरी लावून माप घेतलें आणि मगच पट्टा आणला.

रॅकचेंहि काम अर्धवट सोडून चालत नाहीं. नळ्या काढून भोकें बुजविलीं तर आंतील दट्टा कोंडलेल्या हवेशीं झगडतो. म्हणून रॅक उतरवून दट्ट्यावरचें सील काढावें लागतें, आंत ग्रीस भरावें लागतें, आणि तेलास वाट देणाऱ्या झडपेमुळें दंतचक्रापाशीं जी किंचित् ढील असते ती जोडकाम करून घालवावी लागते. तें जोडकाम भाच्यानें स्वतः केलें नाहीं, जाणत्या माणसाकडून करविलें; सुकाणूच्या बाबतींत हौस पुरत नाहीं. आणखी एक शहाणपण त्यानें दाखविलें. मूळ रॅक न उघडतां दुसरा जुना विकत घेऊन त्यावर हें सारें केलें, व मूळचा तेलकट फडक्यांत गुंडाळून पेटींत घालून ठेविला. या सर्व कामांत दिवा धरणें एवढाच आमचा वांटा.

पट्टा बसविला, अंगठ्यानें दाबून पाहिला, आणि नवा पट्टा ताणतो म्हणून आठ दिवसांनीं पुन्हां आवळला. गारवा पूर्वीसारखाच आला. सुकाणूविषयीं मात्र खरें तेंच सांगावयास हवें. चालत्या गाडींत तें सुरेख झालें. रस्त्यावरची खडीसुद्धां तळहातास समजूं लागली. उभ्या गाडींत तें जडच राहिलें, व भाच्याच्या अपेक्षेहून अधिक जड. कारण मदतवाल्या गाडीचा रॅक थोड्या फेऱ्यांत पुरा वळावा असा केलेला असतो. फेऱ्या कमी म्हणजे प्रत्येक फेरीस जोर अधिक.

भाचेसुनीनें पुढचे चार दिवस गाडीस हात लावला नाहीं. पांचव्या दिवशीं दुपारीं किल्ली घेऊन ती म्हणाली, “मामा, चला, भाजी आणूं.” वर टप चढविलें, कांचा मिटल्या, गार हवा सोडली. दुकानापुढें दोन गाड्यांमधील जागेंत मागें घ्यावयाची होती. तिनें चाकास जोर केला नाहीं. गाडी आधीं वीतभर सरकूं दिली, आणि चालत्या चाकांवर सुकाणू हळूहळू वळविलें. दोन खेपांत गाडी बरोबर बसली. येतांनाहि तसेंच.

त्या रात्रीं बर्फ कोणीं काढला नाहीं. भाच्यानें जेवतांना विचारलें, “मग ती जुनी पेटी माळ्यावर टाकूं ना?”

“नको,” ती म्हणाली, “खालच्या फळीवरच राहूं दे. थंडीचे दिवस जाऊं देत, मग बघूं.”