लाइफबोट धाडतं कोण, खर्च करतं कोण?

ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर शिडाची नौका खडकावर आदळली किंवा भरतीत कोणी अडकलं, तर मदतीला येणारी लाइफबोट बहुधा रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनची, म्हणजे आरएनएलआयची असते. नावात ‘रॉयल’ही आहे आणि ‘नॅशनल’ही, त्यामुळे ही सरकारी यंत्रणा असणार असं आपल्याला वाटलं तर नवल नाही. आपल्याकडे समुद्रातला शोध आणि बचाव भारतीय तटरक्षक दलाकडे असतो. गोव्याच्या किनाऱ्यांवरचे जीवरक्षक खासगी कंपनीचे असले तरी त्यांना नेमतं राज्य सरकारच. पण हा समज खुद्द ब्रिटनमध्येही बराच आढळतो.

आरएनएलआय ही धर्मादाय संस्था आहे आणि गेली दोनशे वर्षं ती मुख्यतः देणग्यांवर चालते. ‘आइल ऑफ मॅन’ बेटावरच्या डग्लस बंदराजवळ राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी जहाजं फुटताना पाहिली होती. 1823 साली त्यांनी आधी दार ठोठावलं ते आरमाराचं आणि सरकारचंच. तिथून फारसं काही हाती लागलं नाही, तेव्हा ते लंडनच्या व्यापाऱ्यांकडे आणि दानशूरांकडे वळले. 4 मार्च 1824 रोजी संस्था स्थापन झाली. पुढे 1854 ते 1869 या काळात तिनं सरकारी अनुदान घेतलंही, पण नंतर ते बंद केलं. आज किनाऱ्यांवरच्या जीवरक्षकांच्या खर्चात काही स्थानिक नगरपालिका वाटा उचलतात. तो धरूनही सरकारी पैशाचं प्रमाण किरकोळच आहे.

सरकारचा संबंध येतो तो दुसऱ्या ठिकाणी. ब्रिटनमध्ये 999 फिरवून ‘कोस्टगार्ड’ मागितलं की फोन जातो तो सरकारी तटरक्षक खात्याकडे. कुठलं साधन धाडायचं ते हे खातं ठरवतं आणि जवळच्या लाइफबोट स्थानकाला तशी विनंती करतं. बोट पाण्यात लोटायची की नाही, हे मात्र त्या स्थानकाची माणसं ठरवतात. हेलिकॉप्टर तटरक्षक खात्याचं, लाइफबोट संस्थेची. बातमीतल्या छायाचित्रात दोन्ही शेजारी दिसतात आणि घोटाळा होतो.

बोटीवरच्या माणसांबद्दल दोन उलट गैरसमज ऐकू येतात. काहींना वाटतं सगळे पगारी आहेत, काहींना वाटतं कोणालाच छदाम मिळत नाही. 238 स्थानकांवरचे बहुतेक सगळे खलाशी स्वयंसेवक असतात. कोणी शिक्षक, कोणी प्लंबर, कोणी दुकानदार. पूर्वी ही माणसं बहुतांशी कोळी असायची. आता व्यवसायानं दर्यावर्दी असणारा दहात जेमतेम एक. त्यामुळे प्रशिक्षणावर मोठा खर्च होतो, आणि ‘स्वयंसेवकच तर आहेत, मग एवढे पैसे कशाला?’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथंच आहे. पेजर वाजला की हातातलं काम टाकून ते धावतात. दुसऱ्या बाजूला, किनाऱ्यावरचे जीवरक्षक पगारी आहेत, बऱ्याच स्थानकांवरचे मेकॅनिकही. लंडनमध्ये थेम्स नदीवरच्या टॉवर स्थानकावर तर चोवीस तास पगारी माणसं असतात. 1989 साली ‘मार्शियोनेस’ ही सहलीची बोट तिथं बुडून 51 जण गेले. त्यानंतरच्या चौकशांतून नदीवर बचाव सेवेची गरज पुढे आली आणि 2002 मध्ये थेम्सवर लाइफबोट स्थानकं सुरू झाली. एवढ्या गजबजलेल्या नदीवर माणूस घरून निघून बोटीपर्यंत पोचेतो उशीर झालेला असतो.

आता पैशाचं. वर्षाला वीस कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे आपल्या दोन हजार कोटी रुपयांच्या वर जमा होतात. आकडा ऐकून लोक म्हणतात, संस्था गडगंज आहे, डबा फिरवतेच कशाला? पण हा पैसा येतो कुठून, ते पाहिलं की चित्र बदलतं. दहापैकी सहा मोहिमांचा खर्च मृत्युपत्रांतून निघतो. कोणी आजी आपल्या गावच्या बोटीसाठी घर ठेवून जाते, कोणी नवऱ्याच्या नावानं नवी बोट देते. अशी रक्कम दात्यानं सांगितलेल्या कामासाठीच वापरता येते. त्यातून दुसऱ्या गावाचं डिझेल भरता येत नाही. पाण्याच्या झोतावर चालणारी शॅनन वर्गाची एक बोट वीस लाख पौंडांच्या पुढे जाते. ताळेबंदातल्या मालमत्तेचा मोठा भाग म्हणजे या बोटी आणि स्थानकांच्या इमारती. आणि मृत्युपत्रांचं उत्पन्न कधी किती येईल, हे कोणाच्याच हातात नसतं. 2019 मध्ये तुटीमुळे संस्थेला 135 पदं कमी करण्याचा निर्णय जाहीर करावा लागला, त्या वेळीही बाहेर तिची ख्याती श्रीमंत म्हणूनच होती.

डबा फिरवण्याचीही एक गोष्ट आहे. डिसेंबर 1886 मध्ये लँकेशरच्या किनाऱ्यावर ‘मेक्सिको’ जहाज वाचवायला गेलेल्या दोन लाइफबोटींवरचे 27 जण एका रात्रीत बुडाले. त्यांच्या कुटुंबांचे हाल पाहून सूतगिरणीमालक चार्ल्स मॅकारा यांनी 1891 साली मँचेस्टरच्या रस्त्यांवर मिरवणूक काढून पैसे गोळा केले. रस्त्यावर उतरून देणग्या मागण्याची ही पहिली नोंदलेली मोहीम मानली जाते. जीव किनाऱ्यावरच्या माणसाचा जाणार आणि पैसा समुद्रापासून दूरच्या गिरणीगावातून येणार, ही वाटणी तेव्हापासूनची.

2019 मध्येच आणखी एक वाद झाला. संस्था परदेशात पैसे उधळते, झांझिबारमध्ये बुर्किनी (अंगभर झाकणारे पोहण्याचे कपडे) वाटते, बांगलादेशात पाळणाघरं चालवते, अशा बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत झळकल्या. खर्च खरा होता, पण तो एकूण खर्चाच्या सुमारे दोन टक्के. शिवाय पाळणाघराची थट्टा करणाऱ्यांना बांगलादेश ठाऊक नसावा. तिथं घराशेजारच्या तळ्यात लहान मुलं बुडतात ती आई कामात असते त्या वेळात, आणि तेवढा वेळ मुलावर कोणाची नजर असली की जीव वाचतो. झांझिबारमध्येही त्या पोशाखामुळेच मुलींना पोहणं शिकायला पाण्यात उतरता येत होतं. माझ्या मते हे दोन टक्के सत्कारणीच लागले.

सगळ्यात कडवा आरोप इंग्लिश खाडीतला. फ्रान्सकडून रबरी होड्यांतून येणाऱ्या स्थलांतरितांना उचलून आणणारी ही ‘टॅक्सी’ आहे, असं ब्रिटिश राजकारणी नायजेल फराज 2021 मध्ये म्हणाले. पण समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करणं हे आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार जहाजाच्या कप्तानाचं कर्तव्य आहे. बुडणाऱ्याचा पासपोर्ट तपासायची सोय त्यात नाही. बोट तिकडे न्यायची विनंती करतं तेही तटरक्षक खातंच. आणि अशा मोहिमा एकूण मोहिमांच्या काही टक्केच असतात. बाकी सगळं इंजिन बंद पडलेल्या नौका, भरतीत सापडलेली कुटुंबं, वल्हवणारे आणि पोहणारे. या टीकेनं देणगीदार पळतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. जुलै 2021 च्या अखेरीस एका दिवसात दोन लाख पौंडांहून जास्त ऑनलाइन देणग्या आल्या. अर्थात अशा उसळीवर संस्थेचं वर्ष निघत नाही. शॅनन बोटीच्या हिशेबात मांडलं, तर त्या दिवसाच्या कमाईत तिचा दहावा भाग आला असता.