पहिला फ्रेशर डेव्हलपर घेताय? इंटरव्ह्यूत पाठांतर नको, काम बघा!



सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय सुरू केलात, चार गिऱ्हाईकं मिळाली, आता एकट्याने काम उरकत नाही. मग पहिला फ्रेशर घ्यायचं ठरतं. मोठ्या कंपनीत एक माणूस चुकीचा निवडला तर फारसं अडत नाही. आपलं तसं नसतं. दोन-तीन महिन्यांचा पगार जातो, दिलेली तारीख हुकते आणि गिऱ्हाईक तुटतं.

माझंच सांगतो. पहिला मुलगा मी मार्कशीट बघून घेतला. डिस्टिंक्शन होतं, सगळ्या व्याख्या तोंडपाठ. पण साधा रिपोर्ट बनवायला त्याला आठवडा लागला. चूक त्याची नव्हती. मी पाठांतर तपासलं आणि अपेक्षा कामाची ठेवली!

मग इंटरव्ह्यू घ्यायचा कसा?

१. पाच-दहा मिनिटांची चाळणी

'फिझबझ' हा जुना प्रश्न २००७ मध्ये जेफ ॲटवुड या प्रोग्रामरच्या लेखामुळे गाजला. १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग जात असेल तर आकड्याऐवजी 'फिझ', ५ ने जात असेल तर 'बझ', दोन्हींनी जात असेल तर 'फिझबझ'. गंमत १५ वर होते. ३ ची अट आधी तपासून तिथेच थांबलं, तर नुसतं 'फिझ' छापलं जातं. अशी चूक झाली म्हणून लगेच नापास करू नका. "१५ ला काय येईल?" एवढंच विचारा. स्वतः चूक शोधून दुरुस्त करणारा मुलगा कामाचा.

२. तुमच्याच कामाचा तुकडा द्या

उदाहरणार्थ, ५० बिलांची यादी द्या: नाव, तारीख, रक्कम, जमा झालेले पैसे. सांगा, "३० दिवसांवर उधारी थकलेली नावं काढ." आणि मुद्दाम तेवढंच सांगा. चांगला उमेदवार कीबोर्डला हात लावण्याआधी विचारतो, "सर, ३० दिवस बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून? अर्धे पैसे आले असतील तर?" हे प्रश्न म्हणजे अर्धा इंटरव्ह्यू पास. तुम्हाला स्वतःला कोडिंग येत नसलं तरी एवढं नक्की ओळखता येतं. कोड तपासायला ओळखीच्या प्रोग्रामरला तासभर बसवा.

३. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने

श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. कामाचा नमुना करून घेणं आणि ठरवून, एकाच साच्यात घेतलेली मुलाखत यांवरून पुढच्या कामाचा अंदाज चांगला येतो, असं त्यात दिसलं. नुसत्या शिक्षणाच्या वर्षांवरून फारच कमी. म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहा आणि उमेदवार बाहेर पडताच गुण मांडा. नाहीतर शेवटचा आलेला किंवा आपल्या गावचा निघालेला मुलगाच आवडतो!

४. चॅटजीपीटी वापरलं तर?

वापरू द्या, उद्या कामावरही वापरणारच आहे. पण नंतर समोर बसवून सांगा, "आता ३० ऐवजी प्रत्येक गिऱ्हाईकाची मुदत वेगळी कर." कोड समजला असेल तर बदल जमतो. नुसता चिकटवला असेल तर तिथेच अडतो.

दोन गोष्टी टाळा

टेस्टच्या नावाखाली गिऱ्हाईकाचं खरं काम फुकटात करून घेऊ नका. दिवसभराचं काम द्यायचं असेल तर त्याचे पैसे द्या. आणि मुलगा सोडून जाईल या भीतीने त्याची मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवू नका. ज्याला निवडलं नाही, त्यालाही तसं कळवा. आपलं नाव त्यातूनच होतं.

आजचा गृहपाठ: गेल्या महिन्यात तुमचा सर्वात जास्त वेळ खाणारं एक काम निवडा. त्याचा तासाभरात होईल असा तुकडा काढा. आधी स्वतः करून बघा किंवा त्या ओळखीच्या प्रोग्रामरकडून करून घ्या. तुमचा इंटरव्ह्यू पेपर तयार झाला!

चला, कामाला लागा!