काकू की नर्सरी? एका मामाची शोधमोहीम

"बाळाच्या आई नाही आल्या?"

गेल्या चार महिन्यांत वाकडमधल्या सहा नर्सऱ्या आणि चार पाळणाघरं मी पालथी घातली आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच. मी बावीस वर्षांचा, पाठीला सॅक, हातात हेल्मेट. "मी मामा आहे," म्हटलं की समोरच्या मॅडम समजुतीनं हसायच्या. "मग शनिवारी आईंनाच घेऊन या ना."

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या पानावर हे काय? सबमिशन, प्लेसमेंट, फेस्ट सोडून एकदम पाळणाघर? पण थांबा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं लहानपण कुठल्या ना कुठल्या काकूंकडे गेलंय. आणि अजून काही वर्षांनी हाच प्रश्न तुमच्या दारात उभा असणार आहे. मुलांनो, तुमच्यासुद्धा.

झालं असं, की माझी ताई हिंजवडीत नोकरी करते. दाजींचं काम फिरतीचं. भाचा पावणेतीन वर्षांचा. इतके दिवस आई साताऱ्याहून येऊन राहिली होती, पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिला परत जावं लागलं. घरात मीटिंग बसली. निर्णय काय झाला? "तुझी इंटर्नशिप दुपारची आहे ना? मग सकाळी जरा बघून ये."

साडेबारानंतर काय?

पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली. नर्सरी साडेनऊला भरते आणि साडेबाराला सुटते. ताई ट्रॅफिकमधून घरी पोचते साडेसातला. मधले सात तास ब्रोशरमध्ये कुठेच नसतात! काही नर्सऱ्यांनी म्हणूनच जोडीला डे-केअर सुरू केलंय. एका ठिकाणची वर्षाची फी ऐकली आणि मला माझ्या डिग्रीच्या तीन वर्षांची बेरीज आठवली. ती कमी होती.

कायदा काय म्हणतो, तेही बघितलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवडे पगारी रजा मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा असते. कुणाला? आईला. वडिलांच्या फेऱ्या कायद्यानं मोजलेल्याच नाहीत. म्हणजे "आई नाही आल्या?" हे फक्त रिसेप्शनवरच्या मॅडमच विचारतात असं नाही.

कॅमेऱ्याला आवाज नसतो

आम्ही आधी चकचकीत पर्याय घेतला. रंगीत भिंती, रबरी फरशी, फोनवर दिवसभर कॅमेरा. ताई मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून भाच्याला बघायची. दिसायचं सगळं, पण ऐकू काहीच यायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाचा घरी आला की धावत बाथरूम गाठायला लागला. दिवसभर शू दाबून ठेवायचा. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाला, "ती ताई नाहीये." झालं होतं असं, की त्याला बाथरूमला नेणारी मदतनीस बदलली होती. नंतर तिच्या जागी आलेलीही बदलली. चौथीला त्याचं नावही माहीत नव्हतं आणि अनोळखी बाईला शू आली म्हणून सांगायला तो लाजत होता. कुणी त्याला मारलं नव्हतं, रागावलं नव्हतं. कॅमेऱ्यात सगळं ठीकच दिसत होतं. त्या रात्री ताई म्हणाली, "सोडू का नोकरी?" दाजींच्या नोकरीचा विषय मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही. खरं सांगतो, माझ्याही नाही.

काकू आणि त्यांचा टीव्ही

मग आम्ही पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे गेलो. पाच मुलं, एक खोली, गरम वरण-भात. भाचा दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्याशी उभा राहून पोळीसाठी भांडत होता. शूचा प्रश्न आठवड्यात संपला.

पण म्हणून काकूंचा देव्हारा करायला नको. दुपारी दोन ते पाच टीव्ही चालू. पुस्तक एकही नाही. आणि काकू आजारी पडल्या की पाळणाघर बंद, कारण तिथे दुसरं माणूसच नाही.

मी आईला फोन केला. मीही साताऱ्यात असाच एका काकूंकडे वाढलोय, दुपारी सतरंजीवर ओळीनं झोपून. विचारलं, "तू कसं निवडलं होतंस गं?" आई म्हणाली, "निवडायला होतंच काय? त्या एकट्याच होत्या." थोडं थांबून म्हणाली, "पहिले आठ दिवस स्टँडपर्यंत रडत जायचे." हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

कोसबाडला मिळालेलं उत्तर

मास कॉमला मी अनुताई वाघ यांच्यावर एक असाइनमेंट केली होती. मार्कांपुरती. आता ती वही परत काढली. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या मोठ्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, कारण धाकटी भावंडं त्यांनाच सांभाळावी लागायची. मग या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. त्याला नाव दिलं विकासवाडी. मुलं शाळेपर्यंत येत नसतील तर पाड्यावरच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली.

म्हणजे सांभाळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, असं त्यांनी मानलंच नाही. आपण मात्र ‘काकू की नर्सरी’ अशी मॅच लावून बसतो. लहान मुलाला दोन्ही हवं असतं. त्याला ओळखणारं माणूस हवं आणि चार मुलांत माती-रंग खेळायला जागाही हवी. पण आधी काय, असं विचाराल तर माझं उत्तर ठरलंय. आधी माणूस.

बघायला जाल तेव्हा...

• न कळवता, दुपारी जा. सकाळी सगळंच छान असतं.
• एका मोठ्या माणसामागे किती मुलं, ते मोजा. खासगी प्लेस्कूलसाठी राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस सांगितली आहे.
• मदतनीस किती दिवसांपासून आहे, हे तिलाच विचारा.
• रडणाऱ्या मुलाला कोण उचलतं, ते बघा.
• काकूंकडे जाणार असाल तर त्या आजारी पडल्यावर काय करायचं, हे आधीच ठरवा.

शेवटी आम्ही काय केलं? सकाळी तीन तास दोन गल्ल्या सोडून असलेली एक छोटी बालवाडी. साडेबाराला काकू स्वतः आणायला जातात. मी घरातली चार चित्रांची पुस्तकं त्यांच्याकडे नेऊन ठेवली, आता टीव्ही चारला लागतो. परफेक्ट नाहीये, पण भाचा रात्री काकूंच्या आणि बाईंच्या गोष्टी सांगत झोपतो.

फॉर्मवर संपर्कासाठी तीन रकाने होते. या वेळी पहिल्या रकान्यात आम्ही दाजींचा नंबर लिहिला, मग ताईचा, मग माझा. काकूंनाही तोच क्रम सांगितला.

गेल्या मंगळवारी काकूंना ताप आला. सकाळी सातला फोन वाजला तो दाजींचा. त्यांनी नाशिकचा दौरा रद्द केला आणि भाच्याचा डबा भरायला घेतला.